वाफ्यातून बोलणाऱ्या सासूबाई

अनुदान समिती यायची म्हणून सूनबाईनं गच्चीवरची खोली लख्ख घासली होती. टेबलावर तिची यंत्रं मांडलेली, बोटाएवढी, मातीत खोचायची. माती सुकली की यंत्र फोनवरून हाक घालायचं, पाणी द्या; फार भिजली की, हळू. सरकारनं अनुदान दिलं तर ही हाक शेताशेतात पोचणार. नाही तर खोलीला कुलूप आणि इंजिनियर सूनबाई पुन्हा विजेचे मीटर तपासायला.

"जगाचं पोट कसं भरणार, ते ठासून सांग," नवरा जिन्यात कुजबुजला. "अर्जात पहिला प्रश्न तोच होता."

"जगाची नि माझी अजून नीट ओळख नाही रे."

समिती आली. पुढे अध्यक्षबाई, मागे दोन गंभीर साहेब. सूनबाईनं भिंतीवर हिरवागार पृथ्वीगोल दाखवला. उपग्रह झाले, उद्याचं अन्न झालं. जाड चष्म्याचे साहेब जांभई गिळू लागले.

"प्रत्यक्ष दाखवा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

तिनं दाराशीच मुद्दाम कोरड्या ठेवलेल्या रोपांच्या वाफ्यात यंत्र खोचलं. फोन कडाडला, "अगं ए, लेकरं तहानेनं माना टाकतायत आणि तू गप्पा काय मारतेस? ऊठ आधी."

सूनबाईनं जीभ चावली. चाचणीपुरता सासूबाईंचा आवाज भरला होता. तो पुसून गुळगुळीत सरकारी आवाज घालायचं धांदलीत राहूनच गेलं.

चष्मेवाले साहेब मात्र ताडकन उठले होते. झारी उचलून मुकाट पाणी घालत होते.

"हळू," फोन म्हणाला. "बुडवायचंय का त्यांना?"

अध्यक्षबाई डोळे पुसत हसल्या. "या कोण?"

"माझ्या सासूबाई."

"आणि जगाचं पोट?"

"जगाचं ठाऊक नाही, बाई. पण हाक लागली की माणूस उठतं, एवढं आत्ता पाहिलंत."

अध्यक्षबाईंनी साहेबांकडे पाहिलं. त्यांच्या हातात झारी तशीच. "एका हंगामाचं अनुदान देतो," त्या म्हणाल्या. "आवाज मात्र हाच हवा."

सूनबाई धावतच खाली स्वयंपाकघरात गेली. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मला न विचारता सरकारला शब्द देऊन आलीस?"

"चुकलं, आई. नको असेल तर—"

"नको कोण म्हणतंय? पण सगळ्यांना एका सुरात रागावून चालतं का गं? मिरचीला दटावावं लागतं, भेंडीला लाडात घ्यावं लागतं." त्यांनी पदराला हात पुसले, लेकाला मिक्सर बंद करायला लावला आणि फोन तोंडाशी धरला.

"ये गं माझ्या हिरव्या बाई, घोटभर पी, बोटभर वाढ..."