मला न दिसलेली गोगलगाय

मित्रांनो, तुमच्याशी बोलतो आहे तो एमआरआय स्कॅनर आता जुना झाला आहे. ग्वायाकिल शहरातल्या एका इस्पितळात तळमजल्यावर माझी खोली आहे. माझा जन्म दूरच्या थंड देशातल्या कारखान्यात झाला. बोटीने आलो. दारातून मावेना, म्हणून खोलीची भिंत पाडून मला आत घेतले आणि मागाहून ती पुन्हा बांधली. पाद्रीबाबांनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडले. पहिली काही वर्षे लोक मला नुसते पाहायलाही येत.

माझे काम साधे आहे. माझ्या पोटात मोठे लोहचुंबक आहे. माणूस आत निजतो, मी ठकठक आवाज करतो आणि त्याच्या डोक्याच्या आतले चित्र काढतो. मेंदूभोवती पातळ आवरणे असतात. त्यांना सूज आली की त्याला मेनिंजायटिस म्हणतात. शिरेत एक औषध टोचले की ही सुजलेली आवरणे माझ्या चित्रात उजळ दिसतात. सूज कशाने आली, हे मात्र मला दर वेळी सांगता येत नाही. त्यासाठी मणक्यातले पाणी तपासतात आणि घरच्यांना विचारतात.

औरिया नावाच्या बाईला एकदा चाकाच्या खुर्चीतून आणले. ती लोकांचे कपडे इस्त्री करून द्यायची. बारा दिवस तिचे डोके दुखत होते, अंगात ताप होता आणि मान पुढे वाकत नव्हती. गरम इस्त्री ठेवून लगेच फ्रिज उघडला की वारे लागते आणि मान धरते, हे इथे लहान मुलालाही ठाऊक असते. म्हणून तिचा नवरा वेलिंग्टन बारा दिवस मलम चोळत बसला होता.

"अगं बाई, ही तर पावाची भट्टी!" मला पाहून औरिया म्हणाली.

"भट्टी कसली," योमाइराबाई हसल्या. मला त्याच चालवायच्या. "याच्या पोटात बर्फाहून गार आहे."

"मग झालंच की! फ्रिज उघडला तर मान धरली, आता मला फ्रिजातच घालताय?" तिने नवऱ्याकडे पाहिले. "आणि हा बघा. घरी तोंडाचा पट्टा चालू, इथं आला की मुका."

मी चित्र काढले. आवरणे उजळ दिसली. डॉक्टर एस्पिनालेस यांनी वेलिंग्टनला शेजारच्या खोलीत, माझी चित्रे पाहायच्या काचेपाशी बोलावले.

"वारं-बिरं नाही हे. मेनिंजायटिस दिसतोय. क्षयाचा असेल, जंताचाही असेल. हिने कच्चं काही खाल्लं का? खेकडा, मासा, गोगलगाय?"

"छे हो, डॉक्टर. ही पाणीसुद्धा उकळून पिते."

ते खोटे होते, हे मला पुढे कळले. औरियाला दमा होता. त्यावर उपाय म्हणून शेजारणीने सांगितले, आणि डोके दुखू लागण्याआधी वेलिंग्टन नऊ दिवस रोज सकाळी अंगणातली एक गोगलगाय धरून, लिंबू पिळून, तिला कच्ची गिळायला देत होता. डॉक्टर गावठी म्हणतील, एवढीच त्याला लाज. गोगलगायीचा आणि मानेचा संबंध असेल, असे त्याच्या मनातही आले नाही.

मणक्यातल्या पाण्याच्या पहिल्या तपासणीत नेमके काही कळले नाही. क्षयाचे उपचार सुरू झाले. इथे तो पुष्कळ आढळतो.

आठ दिवसांनी औरिया पुन्हा आली, स्ट्रेचरवरून. सूज वाढलेली होती. डॉक्टरांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"मीच दिल्या," वेलिंग्टन म्हणाला. "नऊ गोगलगायी. तिला नको होत्या. किळस येते म्हणाली. मी म्हटलं, नखरे करू नकोस."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही हसला असता."

"हसलो असतो," डॉक्टर म्हणाले. "आणि मग औषध दिलं असतं."

पाणी पुन्हा तपासले. या वेळी काय शोधायचे ते ठाऊक होते, आणि कच्च्या गोगलगायीतून माणसाच्या मेंदूपर्यंत पोचणाऱ्या जंताची खूण मिळाली. उपचार बदलले. पाचव्या दिवशी औरिया वारली. योमाइराबाईंनी दुसऱ्या रुग्णाला आत निजवता निजवता कुणाला तरी ते सांगितले, म्हणून मला कळले. त्या दिवशी मी अकरा चित्रे काढली.

आता वरच्या मजल्यावर नवा स्कॅनर आला आहे. चुंबकाला गार ठेवणारा वायू संपला, त्याचा जोर गेला. सफाईवाली माझ्या तोंडाशी बादल्या ठेवते. त्याचे मला दुःख नाही. यंत्रे जुनी होतातच.

पण मित्रांनो, घरात कुणाचे डोके फार दुखत असेल, ताप असेल आणि मान वाकत नसेल, तर मलम चोळत दिवस घालवू नका. तडक दवाखाना गाठा. आणि तिथे विचारतील ते सगळे सांगा. घरी कुणी काय गिळले, ते कोणत्याही यंत्राला दिसत नाही. ते माणसानेच सांगावे लागते. डॉक्टर हसले तर हसू द्या.