तेल पिणारा दात

बुडबुडे थांबेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, असं सोनमनं आबांना पुन्हा पुन्हा बजावलं होतं. तरी ते उंबऱ्यातून मान लांब करून बघत होते.

"गुदमरायचा न्हाई न्हवं त्यो?"

"न्हाई आबा. त्याच्या पोटातली हवा काढतोय निस्ती. हवा गेली की रेझिन आत जातंय."

पलूसमधल्या तिच्या पत्र्याच्या शेडमध्ये पंप घरघरत होता. काचेच्या झाकणाखाली, पाण्यासारख्या पातळ, भाजलं की टणक होणाऱ्या रेझिनमध्ये, देवाच्या दाताचे दोन तुकडे बुडालेले होते. एकातून बुडबुड्यांची नुसती रांग लागली होती. दुसरा मात्र लवकरच शांत झाला, आणि सोनमनं झाकणावर वाकून पुन्हा पाहिलं.

दात आबांच्या, म्हणजे आकारामच्या, वडिलांना सापडला होता. येरळा नदीच्या पात्रात मेंढरं पाण्यावर घातली असताना वाळूतून वर आलेला, तळहाताएवढा आणि दगड झालेला. हत्तीचा असेल, नाहीतर हत्तीच्याही आधीच्या कुठल्या जनावराचा. घरात त्याला बिरोबाचा दात म्हणत. दर रविवारी त्याला करडईचं तेल आणि भंडारा लागायचा. संध्याकाळी लावलेलं तेल सकाळपर्यंत आत मुरून दात कोरडा ठाक व्हायचा. बाकीच्यांचे देव नुसतेच बसून असतात, आमचा पितो, असं आबा साऱ्या वस्तीला ऐकवायचे. असल्या देवाचा माणसाला थोडा ताठा येणारच.

पण गेल्या वर्षापासून दाताचा भुगा पडायला लागला. भंगलेला देव घरात ठेवत नाहीत. पुतण्या बिराप्पा तसा वाईट नव्हे, पण कळप आता त्याच्याकडे होता, आणि एखादं कोकरू दगावलं की त्याची नजर आधी देव्हाऱ्याकडे जायची. खंडेनवमीला येतो आणि देव नदीला पोचवतो, असं त्यानं सांगून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी आबांनी दात घोंगड्यात गुंडाळला आणि एसटी धरून ते लेकीकडे, सोनमकडे, पलूसला आले.

"देव फुटला तर इसर्जन करायचा," त्यांनी दारातच सांगितलं होतं. "पर हत्यार इसर्जन करत न्हाईत. माज्या सुरीला ह्याची मूठ करून दे. मग खंडेनवमीला हत्यारांत पूजा हुईल. घरातनं जायाचा न्हाई."

सोनमला त्या क्षणी जे वाटलं त्याला आनंद म्हणावं की धास्ती, हे तिचं तिलाच कळलं नाही. शिरवळच्या कंपनीत ती विजेच्या मोटारींच्या तारांच्या कॉइली वॉर्निशमध्ये भिजवायची. तारा भिजवायला मेंढरं सोडून गेली, म्हणून आबा कित्येक वर्षं तिच्याशी धड बोलले नव्हते. पुढं कंपनी बंद पडली, त्याआधीच संसारही मोडला. येताना तिनं तिथला हवा ओढायचा एक जुना पंप तेवढा आणला. त्यावर ती आता सुऱ्यांच्या मुठींसाठी किडकं, भुसभुशीत लाकूड रेझिन पाजून टणक करून देते. दात तिनं कधी केला नव्हता. पण बापानं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि नाही म्हणायची तिची छाती नव्हती.

तेल हा या कामाचा वैरी. जिथं तेल तिथं रेझिन शिरत नाही. म्हणून तिनं दात तेल विरघळवणाऱ्या ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवला. पहिल्यांदा हळदीसारखं पिवळं निघालं, मग फिकट पिवळं, आणि अखेर स्वच्छ. दोन पिढ्यांचे रविवार त्या बरणीत उतरले. आबांना तिनं ती बरणी दाखवली नाही. दाताच्या उभ्या चकत्या आपोआप सुट्या झाल्या, त्यातल्या दोनच धड निघाल्या. मुठीच्या दोन बाजूंना दोन. चुकायला जागा नव्हती. त्या तिनं भट्टीत कोरड्या करून रात्री फडक्यावर मांडून ठेवल्या आणि सकाळी पंपाखाली घातल्या.

आता दुसरा तुकडा गप्प होता. लहान भेगांचा असेल, लवकर भरला असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. रेझिन मुरू दिलं, तुकडे भट्टीत भाजून काढले, आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी घासायच्या पट्ट्यावर धरले.

पहिला तुकडा काचेसारखा वाजला. घासता घासता आतून तपकिरी आणि निळसर रेघा उघड्या पडल्या. आबा उठून जवळ आले. देवाच्या पोटात असं काही असेल याचा त्यांना पत्ता नव्हता. त्यांनी हात जोडले.

दुसरा तुकडा तिनं पट्ट्याला टेकवला मात्र, बोटांखाली तो मऊ लागला. कडेचा एक टवका उडाला. तिनं झटक्यानं हात मागं घेतला, पण तोवर उरलेल्याचे तिच्या मुठीत चार तुकडे झाले होते. आतून पांढरा, कोरडा भुगा गळत होता, आणि तापलेल्या पट्ट्यावरून वास येत होता. करडईच्या तेलाचा.

सोनमनं पट्टा बंद केला. सगळं तेल तिनं स्वतः काढलं होतं. मग तिनं आबांच्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. नखाच्या कडेला भंडाऱ्याचं पिवळं होतं.

"आबा, भांड्यात घालायच्या आधी सकाळी देवाला काय केलं तुमी?"

"काय करणार? कडेच्या तुकड्याला बोटभर तेल लावलं, भंडारा टाकला. त्या भांड्यात म्हंजे परगावीच निघाला हुता. उपाशी कसा धाडायचा?"

तिला संताप आला. ओरडावं, इतक्या दिवसांची मेहनत त्यांच्या पुढ्यात आपटावी असं वाटलं. पण आबा तिच्या मुठीतल्या भुग्याकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"माज्या हातानं गेला व्हय गं?"

"न्हाई आबा. पंप जुना झालाय. दम न्हाई त्याच्यात."

"पंपाला तेलाचा वास कसा यील, सोने?" आबा म्हणाले.

त्यांनी एक फडकं पसरलं. खाली सांडलेला कण न् कण टिपून घेतला आणि गाठोडी बांधून कमरेला खोचली. सोनमनं मुठीची दुसरी बाजू बाभळीची बसवली.

खंडेनवमीला वस्तीवर आबांच्या ओसरीत घोंगडं अंथरलं होतं. त्यावर कोयता, कुऱ्हाड, लोकर कातरायची कातर आणि शेवटी सुरी. बिराप्पा नारळ घेऊन जीपमधून उतरला. देव्हाऱ्यातली रिकामी जागा त्यानं आधी पाहिली, मग सुरी. ती उचलून त्यानं दाताच्या बाजूवर नख ओढलं आणि भुगा पडतोय का याची वाट पाहिली. त्यानं नख आणखी जोरानं ओढलं.

"न्हाई पडत," तो शेवटी म्हणाला. "आन् मुठीचं इसर्जन कोण करतंय? ऱ्हाऊ द्या."

आबांनी कमरेची गाठोडी सोडून त्याच्या हातात दिली. "ह्यो अर्धा न्हे. नदीला पोचव." बिराप्पानं काही न विचारता ती कपाळाला लावली.

पूजा सुरू झाली. आबांनी अंगठा तेलात बुडवला. कोयत्याला लावला, कुऱ्हाडीला लावला, आणि सुरीपाशी येऊन तो हवेतच थांबला. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ज्यांनी जन्मभर कुणाला विचारून काही केलं नाही, त्यांनी हळूच विचारलं, "लावू?"

"लावा आबा. आता काय हुत न्हाई."

त्यांनी तेल लावलं, वर भंडाऱ्याची चिमूट सोडली. आरती झाली, नारळ फुटला, पोरं प्रसाद घेऊन पांगली. आबा उठेनात. दिवस कलेपर्यंत ते सुरीसमोर मांडी घालून बसून राहिले. सोनम चहा घेऊन आली, तर तेलाचा थेंब मुठीवर होता तिथंच, लावला तसाच चमकत होता.

"प्याला न्हाई," आबा म्हणाले.

"आता लागत न्हाई त्याला, आबा."

त्यांनी मान हलवली. चहा बाजूला ठेवला. धोतराच्या सोग्यानं मुठीवरचं तेल टिपून घेतलं, आणि वाया जाऊ नये म्हणून तोच सोगा शेजारच्या कातरीच्या पात्यांवरून फिरवला.