लाल चिठ्ठ्या आणि पिवळी पट्टी

शुक्रवारी गोदाला शाळेत पांढरे बूट लागतात हे तिच्या बाबाला, दीपकला, शुक्रवारी सकाळीच आठवायचं. त्या दिवशी एक बूट सापडला, दुसरा काही सापडेना. पलंगाखाली बघितलं, गॅलरीत बघितलं, फ्रिजच्या मागेसुद्धा हात घालून झाला. खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवायला लागले तेव्हा गोदा चपला घालूनच दुसरीच्या वर्गात गेली. संध्याकाळी बूट सापडला तो सोफ्यावरच्या धुतलेल्या कपड्यांच्या ढिगात, एका ओढणीत गुंडाळलेला.

"बाईंनी विचारलं, बूट कुठंय," गोदा म्हणाली. "मी सांगितलं, घरात हरवला. सगळा वर्ग हसला."

दीपकला ते फार लागलं. अंबडच्या एका कारखान्यात तो मेन्टेनन्सचा सुपरवायझर होता आणि त्याच्या टूल-रूमचं तिथं मोठं कौतुक होतं. प्रत्येक पान्याला भिंतीवर ठरलेली जागा, जमिनीवर पिवळ्या पट्ट्या आखलेल्या, वर्षभरात कुणी हात न लावलेल्या वस्तूवर लाल चिठ्ठी. बाहेरचे पाहुणे आले की साहेब त्यांना आधी तिथं घेऊन जायचे. आणि हाच माणूस घरी सकाळी एक मोजा घालून दुसऱ्याच्या शोधात लंगडत फिरायचा.

घर काही पहिल्यापासून असं नव्हतं. जूनमध्ये निकिताची, म्हणजे त्याच्या बायकोची, बँकेतून नामपूरच्या शाखेत बदली झाली. तेव्हापासून ती शनिवारी संध्याकाळी एसटीने इंदिरानगरच्या घरी यायची आणि सोमवारी पहाटे परत जायची. एरवी घरात दीपक आणि गोदा. शाळा सुटल्यापासून दीपक येईपर्यंत शेजारच्या विमलाबाई गोदाकडे बघायच्या. डबा, गृहपाठ, धुणं, वेणी सगळं दीपक करत होता. वेणी तर हल्ली सरळसुद्धा यायला लागली होती. फक्त वस्तू जागच्या जागी ठेवणं, हे काम कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं.

या शनिवारी बँकेतल्या कामामुळे निकिता येणार नव्हती. म्हणजे हातात आख्खा आठवडा होता.

"आपण घराची टूल-रूम करायची," दीपकने जेवताना जाहीर केलं. "आणि बाजारातून काही आणायचं नाही. घरात आहे त्यातच भागवायचं."

तरी त्याने पिवळ्या चिकटपट्टीचं एक रीळ तेवढं विकत आणलं. दाराच्या आत एक चौकोन आखला, चपला-बुटांचा. पाण्याच्या पिंपाला एक, दप्तराला एक. लाल कागदाच्या चिठ्ठ्या कापून त्याने गोदाच्या हातात दिल्या आणि सांगितलं, "जी वस्तू वर्षभरात कुणी वापरली नाही, तिच्यावर चिकटवायची."

ही त्याची चूक झाली. गोदाने पहिली चिठ्ठी चिकटवली ती त्याच्या व्यायामाच्या सायकलवर.

"ती मी वापरतो," दीपक म्हणाला.

"टॉवेल वाळवायला," गोदा म्हणाली आणि पुढे गेली. फ्रिजमधल्या कारल्यांवर चिठ्ठी लागली, पाढ्यांच्या तक्त्यावर लागली, इस्त्रीवरही लागली. इस्त्रीवरची दीपकने तशीच राहू दिली.

स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर झाकणाचे स्टीलचे डबे रांगेने पडून होते. त्यांनाही चिठ्ठ्या लागल्या. दुसऱ्या दिवशी विमलाबाई आल्या, त्यांनी एक डबा उचलला, उलटा केला आणि बुडाशी कोरलेलं नाव वाचलं.

"हे तर माझं नाव," त्या म्हणाल्या. "दिवाळीत चिवडा दिला होता यात. हाही माझाच. अन् हा पण. अरे दीपक, मी त्या भांडीवालीवर संशय घेऊन लय बोलले रे तिला."

दीपकने मान खाली घातली. विमलाबाईंनी डबे पिशवीत भरले, पण रागावून घरी गेल्या नाहीत. त्यांनाही आता चेव आला होता. त्यांनी सोफ्यावर ढीग झालेले ते कपडे आधी घड्या घालून कपाटात लावले आणि मग खिडकीकडे बोट दाखवलं. "एवढं सगळं करायचं अन् तिथं हा फाटका पडदा? चादर आण एखादी चांगली."

निळ्या फुलांची एक चादर होती, मधोमध विरलेली. विमलाबाईंनी मधला भाग काढून टाकला, कडेच्या दोन पट्ट्यांना आपल्या शिलाई मशीनवर नेफा घातला, आणि खिडकीला पडदे लागले. सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत मनीप्लांटच्या फांद्या गेल्या. कुकरची शिट्टी उडून भिंतीवर डाळीचा जो नकाशा झाला होता, त्यावर दोरी बांधून गोदाची चित्रं कपड्यांच्या चिमट्यांनी टांगली.

खेळण्यांचं मात्र कुठं जमेना. मग दीपकचं लक्ष गॅलरीतल्या लाल जाळीच्या गोण्यांकडे गेलं. निकिता नामपूरहून येताना कांदे आणायची, त्या छोट्या गोण्या. त्याने त्या धुतल्या, भिंतीला खुंट्या ठोकल्या आणि ओळीने अडकवल्या. एकीत बाहुल्या, एकीत ठोकळे, एकीत मोजे. जाळीतून आतलं सगळं दिसत होतं. गोदा कितीतरी वेळ समोर उभी राहून बघत होती. "दुकानासारखं झालं," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी निकिता आली. दारातच थबकली, पिवळ्या चौकोनाकडे बघून तिने निमूट चपला आत काढल्या. पडद्याला हात लावून बघितलं. कांद्याच्या गोणीतली बाहुली बघून ती मोठ्याने हसली. दीपक खिशात हात घालून मागे उभा होता, साहेब पाहुण्यांबरोबर फिरतात तसा.

"थांब, चहा मीच करते," म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

साखरेच्या जागी डाळ होती. चहापत्तीच्या जागी हळद. गाळणी दिसेना. निकिताने एक दार उघडलं, मिटलं, दुसरं उघडलं. साखर सर्वांत वरच्या फळीवर निघाली, दीपकच्या हाताला सहज येईल अशी. तिचा हात काही पोचेना.

"आई, तुला माहीत नाही?" गोदा म्हणाली. "थांब हं, मी दाखवते. पाहुण्यांना सापडत नाही पहिल्यांदा."

 निकिता ओट्याला टेकून उभी राहिली. दीपक साखरेचा डबा काढायला पुढे आला आणि तिचा चेहरा बघून त्याचा हात तसाच राहिला.

"छान केलंयस," ती म्हणाली. "खरंच. फक्त मी इथं राहते का नाही, ते कळेना क्षणभर."

दीपकला कारखान्यातलं आठवलं. मागे एकदा साहेबांनी ऑपरेटरला न विचारताच त्याची मशीन हलवली होती, आणि तो बिचारा आठवडाभर चुकीच्या बाजूला हात घालत होता. तेव्हा साहेबांना सुनावणारा दीपकच होता.

"चुकलं," तो म्हणाला. "तुला विचारायला हवं होतं. उद्या सगळं खाली काढू. तू सांगशील तिथं ठेवू."

रविवारी तेच झालं. निकिता स्टुलावर बसून सांगत होती, दीपक डबे हलवत होता, गोदा डब्यांवर नावं लिहीत होती. साखर खाली आली. कारल्यावरची चिठ्ठी निकिताने काढली, गोदाने परत लावली, ती पुन्हा निघाली. सायकलवरची चिठ्ठी मात्र तिने नीट दाबून बसवली.

"अगं, मी सोमवारपासून सुरू करणार होतो," दीपक म्हणाला.

"कुठल्या?" निकिताने विचारलं. दुपारी सायकल जिन्यातून खाली गेली. विमलाबाईंच्या भाच्याला ती हवी होती.

मग निकिताने रीळ मागितलं आणि सोफ्याच्या खिडकीकडच्या टोकाला स्वतः चौकोन आखला. "ही माझी जागा. मी नसले तरी इथं कपडे ठेवायचे नाहीत."

सोमवारी पहाटे ती गेली. संध्याकाळी दीपकने गॅलरीतले वाळलेले कपडे काढले, दोन्ही हातांत ढीग धरून सवयीने सोफ्याकडे वळला आणि पट्टीजवळ थांबला. सोफ्याचं दुसरं टोक उरलं होतं, पण तिथं गोदा बसली होती आणि हलायला तयार नव्हती.

तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि घड्या घालायला लागला. गोदाने निकिताला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, बाबा घड्या घालतायत."

"दाखव," निकिता म्हणाली. मग म्हणाली, "टॉवेलची घडी अशी नसते रे."

"मग कशी ते नीट सांग," दीपक म्हणाला आणि टॉवेल पुन्हा उलगडला.