कोरफडीची पिलं

कामथडीच्या ठकुबाईकडं कुणी कामाशिवाय फिरकत नसे, आणि काम म्हणजे कोरफड. नवरा रखमाजी जाऊन चार वर्षं झाली होती, पोटी मूलबाळ नव्हतं. बाकीच्या बायकांना आपापल्या घरी सासवा, जावा, पोरं एवढं सगळं होतं, त्यांना एकट्या बाईची आठवण कशाला व्हावी? पण पोराला खोकला झाला, चुलीवर हात पोळला, किंवा अंगावर पिणारं पोर तोडायचं म्हणून छातीला कडू चीक लावायचा झाला, की जो तो ठकुबाईच्या अंगणात. तिथं फुटक्या माठाच्या बुडात कोरफड अशी माजली होती की बघत राहावं.

आपोआप नव्हती माजली. मातीत निम्मी वाळू, पाणी आठवड्यातून एकदा आणि तेही ओंजळभर, पावसाळ्यात माठ वळचणीच्या आत. पान कापायचं ते बाहेरचं, बुडाचं. गाभ्याला तिनं खुद्द भोरच्या सरकारांनाही हात लावू दिला नसता. कापलेल्या पानातला पिवळा चीक निथळू द्यायचा, आणि तोवर आलेल्या बाईनं ओट्यावर बसायचं. ठकुबाईचं सगळं सुख त्या निथळण्यात होतं. घाईच्या बाईलाही ती दटावायची, “थांब की गं, चीक लागला तर खाज सुटंल.” खरं तर तेवढा वेळ लागत नसे.

आता तिचं पापही सांगायला हवं. कोरफडीला बुडाशी पिलं फुटतात. एखादं उचलून शेजारच्या परसात खोचलं की वर्षभरात शेजारणीची स्वतःची कोरफड तयार. मग शेजारीण कशाला येते? म्हणून ठकुबाई दर वर्षी पिलं उपटायची आणि ओढ्यात टाकून यायची. कुणी मागितलंच तर म्हणायची, “लई नाजूक असतंय बाई, जगत न्हाई.” कोरफड म्हणे जगत नाही! दाराला उलटी टांगली तरी जगते ती. पण बायकांना ते पटायचं. ठकुबाईला नाही कळणार तर कुणाला कळणार?

एका माघात भाऊ आजारी म्हणून ती शिवऱ्याला गेली. माठ घरात ठेवला आणि दाराला कुलूप घातलं. चार दिवसांनी परतली, तर शेजारची बनाबाई दोन वर्षांच्या लेकीला मांडीवर घेऊन आपल्या दारात बसलेली. पोरीच्या पायावर उकळती पेज सांडली होती. दवाखाना भोरला. बैलगाडी मिळून पोरीला तिथं न्यायला दुसरा दिवस उजाडला. पाय पोटरीपर्यंत फोडांनी भरला होता.

“तुमच्या दाराला धडका मारल्या, आत्याबाई,” बनाबाई म्हणाली. रागानं नव्हे, नुसतं सांगितलं. “तुमी असता तर पोर येवढी वरडली नसती.”

बनाबाईनं शिव्या दिल्या असत्या तर ठकुबाईला बरं वाटलं असतं. तिनं घरी येऊन माठ उन्हात काढला. सहा पिलं होती. मुळं न तोडता एकेक सोडवलं आणि दिवस मावळायच्या आत सहा घरी लावून आली. पहिलं बनाबाईकडं. पाणी किती, पान कुठलं, सगळं प्रत्येकीला दोनदोनदा सांगितलं.

पोरीचा पाय बरा झाला. पिलंही सगळी जगली, न जगायला काय झालं होतं? आणि मग ओट्यावर बसायला कुणी आलं नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. कुणाची पोरं खोकत होती ते तिला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. कुणाचं पोर अंगावरून तुटलं ते महिन्यानं कळायचं. बायका वाटेत भेटल्या की “तुमी दिलेली कोरफड लई फुटली बरं का” म्हणत आणि पुढं जात. रखमाजी गेला तेव्हाही घर एवढं मोकळं झालं नव्हतं. चारचार दिवस तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे. दिलं ते बरंच केलं, हे तिला कळत होतं, पण कळून मन थोडंच भरतं?

पौषातल्या एका दुपारी ती उठली आणि बनाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

“जरा पान दे गं कोरफडीचं. हात पोळला माझा.”

बनाबाई सुपात तांदूळ निवडत होती. तिच्या अंगणातून ठकुबाईचा माठ सरळ दिसत होता, उन्हात हिरवागार. बनाबाईची नजर तिकडं गेलेली ठकुबाईनं पाहिली. “माझी कुजली” असं सांगायचं घोकून आली होती, ते तोंडातच राहिलं. बनाबाईनं सूप बाजूला सारलं. पान कापून सोललं, ठकुबाईला खाली बसवलं आणि तिचा हात मांडीवर घेतला.

“कुठं पोळलं?”

“हितं.”

तळहातावर डाग नव्हता, फोड नव्हता. बनाबाईनं तो हात उलटसुलट करून पाहिला. मग गार गर घेऊन हळूहळू चोळू लागली. तळहात, मनगट, एकेक बोट. कितीतरी वेळ. ठकुबाईला मान वर करवेना.

“आन् दुसरा?” बनाबाई म्हणाली. “त्यो बी पोळलाय न्हवं?”

“व्हय,” ठकुबाई म्हणाली, आणि तिनं दुसरा हात पुढं केला.