मशीनचा कान

सोमनाथने मोबाइल घेतला तो मळ्यासाठी. पहाटे तो मखमलाबादहून फुलं घेऊन नाशकात फुलबाजारात जायचा आणि तिथली मागणी पाहून मळ्यात फोन करायचा, शेवंती थांबव, गुलाब आणखी तोड. तोडणी त्याची बायको मैना बघायची. कोणती कळी आज, कोणती उद्या, हे तिच्या नजरेवर ठरायचं आणि तोडणीच्या बायका तिचंच ऐकायच्या.

मैनाला मात्र कमी ऐकू यायचं. कानामागचं मशीन लावलं की समोरच्याचं बोलणं कळायचं. पण मोबाइल कानाशी नेला की मशीनमध्ये घर्रघर्र सुरू व्हायची आणि तिच्यामागे नवऱ्याचा आवाज दबून जायचा.

"मशीन काढून बोला ना, अक्का," धाकटी जाऊ दीपमाला म्हणाली. काढल्यावर होतं तेही गेलं. मग दीपमालाने स्पीकर लावून फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवला. आवाज वाढला, पण पातेलं असं घुमलं की एक शब्द सुटा होईना. मैना परत परत विचारत राहिली. तोवर उन्हं चढली आणि गुलाबाच्या कळ्या उमलून गेल्या.

"सोमवारपास्नं फोन दीपमाला घेईल," सासू नवसाबाई म्हणाली. "आन् तोडणीबी तीच बघंल. तू खुरपणीकडं जा."

"आत्याबाई, तवर फोन माझ्याकडं राहू द्या."

"ठेव. उशाला घेऊन झोप."

दुपारी मैना शेडमध्ये बसली आणि मोबाइल कंपनीचा फुकटचा नंबर लावला. त्यावर एक बाई तेच तेच सांगत राहायची. मैनाने फोन गालाला लावून पाहिला, कानाच्या भोकावर दाबून पाहिला. काही जमेना. घाम पुसायला पदर डोक्यावरून ओढला, तर कानाच्या वरच्या टोकाशी खसखस झाली. ती थांबली. पुन्हा पदर फिरवला. खालच्या बाजूला काही नाही. वर, मशीनच्या वाकाशी, खसखस. म्हणजे मशीन ऐकतं ते तिथून.

तिने फोन वर सरकवला. कंपनीची बाई पहिल्यांदाच स्वच्छ बोलली. घर्रघर्र मात्र तशीच होती. फोन बोटभर लांब धरला की ती कमी व्हायची, जवळ आणला की वाढायची. खोट मशीनची नव्हती तर. घरघर फोनमधूनच येत होती.

रविवारी ती पंचवटीतल्या मोबाइलच्या दुकानात गेली. "प्रत्येकावरून फोन लावून ऐकणार," तिने दुकानदार गोरक्षला सांगितलं.

"ताई, लोक फोन बघून घेतात."

"मला बघून काय करायचंय?"

पाच-सहा फोन घरघरले. गोरक्ष कंटाळला, पण तिचं चिकटपण पाहून त्याने आतून एक बुटका फोन काढला. "याची लाइनच वेगळी असते, घरघर करत नाही. पण यात गाणी नाहीत हां."

तिने तो मशीनच्या वाकाशी धरला. शांत. फक्त माणसाचा आवाज. "गाणी तुम्ही ऐका," ती म्हणाली, "हा द्या. जुना ठेवून घ्या." नवा नंबर तिने रात्रीच सोमनाथच्या मोबाइलमध्ये घालून ठेवला.

सोमवारी तांबडं फुटताना मळ्यात फोन वाजला. दीपमालाने हात पुढे केला. मैनाने तो दिसलाच नाही असं केलं आणि फोन कानाच्या वर टेकवला.

"अक्का, डोक्यानं ऐकता काय?" दीपमाला म्हणाली. बायका हसल्या.

पलीकडून सोमनाथ सवयीने ओरडत होता. "ओरडू नका," मैना म्हणाली. "ओरडलं की फाटतं. रोजच्यासारखं बोला."

तो हळू बोलला. ती ऐकत राहिली, मध्येच म्हणाली, "लग्नाचं गिऱ्हाईक हाय ना? मग लांब देठाचे गुलाब पाठवते. शेवंती उद्या."

"तुला समदं ऐकू येतंय?" सोमनाथने विचारलं.

"येतंय. टेम्पो इकडं लावून द्या."

फोन कमरेला खोचून ती वळली. "विहिरीकडच्या गुलाबात चला. दीपमाला, तू कडेची ओळ धर. देठ आखूड तोडू नको."

दीपमालाने सासूकडे पाहिलं. नवसाबाई बांधावर उभी होती. सासूनेच पाटी उचलली आणि विचारलं, "मैना, मी कुठली ओळ धरू?"