नावाड्याची मुलगी

त्या दुपारी मी आईला कादंबरीचं शेवटून दुसरं प्रकरण वाचून दाखवलं. घाटावरचा एकटा नावाडी आणि रोज पैलतीरी जाणारी आंधळी बाई, यांच्या मैत्रीची ती गोष्ट. अडतीस सालच्या दिवाळीत, मी शिकवायची त्या नागपूरच्या शाळेला सुट्टी लागली, तेव्हा आमगावला येताना मी ती आणली होती.

"एकच प्रकरण राहिलं. वाचू?"

"राहू दे उद्याले," आई म्हणाली. "परसातल्या शेंगा तोडून येतो."

वाचन थांबलं की रोज शेंगा तोडायच्या असत. रोज ती रिकाम्या हातांनी परत येई, आणि तिच्या पदराला तंबाखूचा वास येई. वडील गेल्यापासून ती एकटीच होती. मला वाटलं, चोरून विडी ओढायला लागली. पुस्तकाचा कंटाळा येत असेल, माझं मन राखायला बसत असेल, असंही वाटलं. नावाडी हसला तिथे ती हसली होती. ते हसूही मला खरं वाटेना.

त्या दिवशी मी विचारलंच, "माय, शेंगा कुठे आहेत?"

"कोवळ्या हायेत अजून," म्हणाली आणि चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती विहिरीजवळ पडली. शेजाऱ्यांनी आणि मी उचलून घरात आणेपर्यंत गेली होती.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. दुपारी मागच्या दाराशी परसापलीकडची रुख्मा येऊन उभी राहिली. ती कारखान्याच्या विड्या घरी वळायची. तिच्या अंगाला तोच वास होता.

"ताई, थे पुस्तक हाये का?"

"तुला वाचता येतं?"

"नाही."

"मग कशाला पाहिजे?"

ती खाली पाहू लागली. मी दार अर्धंच उघडं ठेवलं. आईच्या पेटीत काय होतं, काय नव्हतं, मी मनात आठवू लागले.

"माय रोज तुझ्याकडेच येत होती ना? काय देत होती तुला?"

"गोष्ट," रुख्मा म्हणाली. "मी विड्या वळत राहो, देवकाबाई सांगत राहे. सुरू करतानी तुमच्यावानीच खाकरे, अन् मंग आपलीच हासे. 'पोरीले सांगू नोको वं, नक्कल केली म्हणल.'"

रुख्माने मान वर केली.

"नावाड्याच्या पोरीचं काय झालं मंग?"

खोटं बोलताना सापडली, मला वाटलं. "नावाड्याला मुलगीच नाही, रुख्मा."

"हाये ना! शहरात मास्तरीण हाये. सुट्टीत येते, बापाले पुस्तक वाचून दाखवते. तशी जास्त बोलत नाही. पण वाचते तवा बापाले वाटते, आता आपल्याले काही नोको. थे पोरगी परत जाते का? देवकाबाईले पुसलं तं म्हणे, उद्या सांगतो."

मी दार पूर्ण उघडलं. चटई टाकली. रुख्मा जाऊन तेंदूपानांचं सूप घेऊन आली.

मी खाकरले. तिने चमकून माझ्याकडे पाहिलं.

शेवटच्या प्रकरणात नावाडी बाईला होडीत बसवतो. दोघं पैलतीरी जात नाहीत. नदीच्या मधोमध होडी थांबवून पाणी ऐकत बसतात. एवढंच. मी पुस्तक मिटलं.

"अन् पोरगी?" रुख्माचे हात थांबले होते.

पुस्तक माझ्या मांडीवर होतं.

"पोरगी म्हणाली," मी म्हटलं, "माय, मी सुट्टीसाठी नाही येत वं. मी तुझ्यासाठी येतो."