सांध्याजवळचे चार धागे

अपेक्षा फोटोपुढे रडली नाही. तिने सरकलेला हार नीट केला, नमस्कार केला आणि सरळ गॅरेजमध्ये गेली. तिथे लाकडी बोगद्याच्या काचेवर हात ठेवून मात्र ती अशी हमसून रडली, की दारात उभ्या असलेल्या शरयूला वाटलं, हे रडणं आपल्या वाट्याचं होतं. बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते आणि तिचे स्वतःचे डोळे अजून कोरडेच होते.

शरयूचे बाबा, चिंतामण सर, सांगलीच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झाले, तेव्हा विश्रामबागेतल्या घरच्या गॅरेजमधली गाडी त्यांनी उघड्यावर काढली. गाडीच्या जागी प्लायवूडचा दहा फुटी बोगदा आला. एका टोकाला पंखा, मध्ये काच. त्यातून वारा सोडून ते विमानाच्या पंखांचे छोटे नमुने तपासत. अपेक्षा त्यांच्या शेवटच्या बॅचमधली. जतकडच्या मेंढपाळाची मुलगी, आता बंगळूरला प्रवासी विमानांच्या नव्या पंखांवर काम करणारी. पंख जितका लांब आणि पातळ, तितकं इंधन कमी लागतं. पण लांब पंख वाकतो, म्हणून त्याला खालून एक तिरका आधार द्यायचा, अशी तिची रचना होती. आधार पंखाला जिथे मिळतो, त्या सांध्यापाशी वारा सरळ वाहतो की घोटाळतो, एवढाच प्रश्न होता. ते कळायला सर तिच्या पंखाच्या छोट्या नमुन्यावर लोकरीचे बोटभर धागे चिकटवायचे. धागा निजून राहिला तर ठीक, फडफडला तर बिघडलं.

लोकर अपेक्षाच्या घरच्या मेंढ्यांची. काळी, पांढऱ्या पंखावर ठळक दिसणारी.

"सरांनी पयल्यांदा लोकर मागितली तवा म्या म्हनलं," अपेक्षाबरोबर आलेली तिची आई तानुबाई पायरीवर बसून सांगत होती, "सर, इमानाला बी थंडी वाजती व्हय? तर लय हसलं. म्हनलं, घोंगडं नगं तानुबाई, मूठभरच द्या, टकल्या इमानाला केस लावायचं हाय."

शरयूने हा विनोद ऐकलेला नव्हता. तिच्यापुढे बाबा विनोद करत नसत. अकरावीत तिने गणित सोडलं तेव्हा ते रागावले नाहीत, फक्त तिच्याशी कामाबद्दल बोलायचे थांबले. पुढे ती साताऱ्याच्या कॉलेजात मराठी शिकवायला लागली. सुट्टीत घरी आली, की जेवताना अपेक्षाने काय केलं, अपेक्षाचं काय म्हणणं आहे, हेच ऐकायला मिळे.

मग गेल्या वर्षी बाबांची नजर अधू झाली. मोठी अक्षरं लिहिता येत, धागे दिसत नसत. "अपेक्षाला बोलू नकोस," ते म्हणाले, "पोरगी उगाच काळजी करेल." बाबांची एक तरी गोष्ट आता अशी होती, जी अपेक्षाला ठाऊक नव्हती. शरयूने ती जपली. दर रविवारी ती पहाटेच निघायची, उंब्रज, कराड मागे टाकत सांगली गाठायची. काचेपाशी बसून ती एकेक धागा बघून सांगे आणि बाबा जाड पेनाने वहीत उतरवून घेत. आठवडाभर ती त्या दोन तासांची वाट बघे.

जूनमधल्या एका रविवारी त्या दोन तासांतला एक तास फोनवर गेला. बाबा अपेक्षाशी बोलत होते, हसत होते. शरयू बोगद्यापाशी बसून होती. शेवटी ते आत आले. "सांध्याजवळचे चार धागे नीट बघ. चौदा ते सतरा. निजून राहिले तर पोरगी जिंकली."

पंखा सुरू झाला. चारही धागे विंचरून बसवल्यासारखे निजले.

"फडफडतायत, बाबा," शरयू म्हणाली. "चारही."

पुढच्या रविवारी सांगून टाकू, असं तिने ठरवलं होतं. पण त्या रविवारी बाबांनी कागद पसरले आणि सांधा नव्याने कसा झाकायचा, ते तिला समजावत बसले. तिला. जेवायचं भान न ठेवता. ती गप्प राहिली, आणि मग गप्पच राहिली.

अपेक्षाने चेहरा पुसला. "ताई, सरांची वही बघायची होती. जूनमधली."

"कशाला?"

"सर फोनवर म्हणाले होते, सांध्यापाशी वारा बिघडतो. आमच्या मोठ्या बोगद्यात तसं दिसत नाही. चार महिने मी आमच्याच बोगद्यात चूक शोधतेय. गॅरेजमधलं निरीक्षण कुणी धरत नाही, पण सरांचं होतं म्हणून मी धरलं. सांध्यावर जाड आवरण चढवलं. वजन वाढलं आणि वाचलेलं इंधन सगळं त्यातच गेलं. सोमवारी समितीपुढे एकच पंख ठेवायचाय. बरोबरचे म्हणतात, म्हाताऱ्या माणसाला दिसलं नसेल, तसं लिहून टाक आणि आवरण नसलेला पहिलाच पंख ठेव." ती शरयूकडे वळली. "तसं होतं का, ताई? दिसत नव्हतं का त्यांना?"

नव्हतं. एवढा एक शब्द पुरला असता. तो खराही होता. पंख वाचला असता, शरयूचं नाव कुठे आलं नसतं. फक्त बाबांची शेवटची नोंद चुकीची ठरली असती.

शरयूने कपाटातून वही काढली आणि जूनचं पान उघडलं. हे पान तिने आजवर पाहिलंच नव्हतं. चार धाग्यांच्या नोंदीपुढे बाबांच्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत होतं: 'पाहिले: शरयू. नजर चांगली आहे. शंका नको.'

तिने वही अपेक्षाच्या हातात दिली.

"त्यांना दिसत नव्हतं, हे खरं आहे," ती म्हणाली. "पण चूक त्यांची नाही. मी बघून सांगायचे, ते लिहायचे. धागे निजलेले होते. मी खोटं सांगितलं."

"का?"

"त्या दिवशी एक तास तू फोनवर होतीस."

अपेक्षाने हातातली वही फाडकन मिटली. बाहेरून तानुबाईने विचारलं, "काय झालं गं?"

"काय न्हाई, आये. तू बस." मग दबक्या आवाजात, "चार महिने, ताई. मला वाटायला लागलं होतं, मला यातलं काही कळतच नाही. आन् तुमी हितं..." तिने वाक्य सोडून दिलं. फळीवरचा जुना नमुना उतरवला, दोन स्क्रू पिळून बोगद्यात बसवला. "तुमच्या शब्दावर मी आता काही मांडणार नाही. पंखा लावा."

पंखा लावून शरयू सवयीने काचेपाशी, स्टुलावर बसली.

"उठा," अपेक्षा म्हणाली. "मी बघते. तुम्ही लिहा."

शरयू बाबांच्या खुर्चीत बसली. चौदा, निजलेला. पंधरा, निजलेला. सोळा, निजलेला. सतरा, निजलेला. शेवटी 'पाहिले' पुढे तिने आपल्या हाताने लिहिलं: अपेक्षा. खरं बोलल्यावर आतलं काहीतरी उतरेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. ते नाव बाबांच्या वहीत लिहिताना हात जडच होता.

"आता वरची नोंद," अपेक्षा म्हणाली. "गिरगटायची नाही. सर चालवून घ्यायचे नाहीत. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही."

हा नियमही शरयूला माहीत नव्हता.

तिने चार धाग्यांवरून रेघ मारली आणि 'शरयू'पाशी पेन थांबलं. "पुढचं राहू दे? ते काही निरीक्षण नाही."

अपेक्षाने ओळ वाचली. पुन्हा वाचली. "ते पण, ताई."

शरयूने रेघ पुढे नेली, 'शंका नको'च्या शेवटच्या अक्षरापर्यंत. रेघेखालचं सगळं वाचता येत होतं. तिने शेजारी सही केली आणि तारीख घातली.